बांबोसराव, तुमच्या नावाचा दुसरा

बांबोसराव, बाळाला ऑपरेशनला आत नेलंय. माझी ऋतुजा आणि तुमचा साव्वास फॅमिली रूममधल्या सोफ्यावर एकमेकांचे हात धरून बसलेत, आणि मी खिडकीशी खुर्ची ओढून फोनवर तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. जिवंतपणी तुम्हाला मराठीतलं 'चहा' आणि 'पुरे' एवढंच येत होतं. आता सगळं कळत असेल असं मी धरून चालते. काय करू, मला इंग्रजीत नीट घाबरता येत नाही.

आणि मी घाबरलेय. चांगली पाचावर धारण बसलीय माझी. तुमच्यासमोर कबूल केलं नसतं, कारण तुम्ही लगेच 'डॉक्टर इज स्केअर्ड!' म्हणून टाळ्या पिटल्या असत्या.

आपली ओळख झाली ती तुमच्या चिप शॉपच्या वरच्या घरात. ऋतुजा म्हणाली होती, 'आई, साव्वासचा डॅड खूप लाऊड आहे, तू शांत राहा हां.' तुम्ही दार उघडलंत आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणालात, 'सिंबेथेरा!' मला वाटलं काहीतरी ग्रीक आशीर्वाद असेल. तुम्ही समजावून सांगितलंत, मुलाच्या बायकोची आई म्हणजे सिंबेथेरा. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्यात आहे, विहीण! आणि तुम्ही माझे व्याही. मग आपण दोघांनी मिळून इंग्रजांची कीव केली. बिचाऱ्यांना एवढ्या महत्त्वाच्या नात्याला शब्दच नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत आणि मी तुम्हाला मारली ती बांबोसराव. 'राव' म्हणजे काय विचारलंत तेव्हा मी 'लॉर्ड' सांगितलं. पुढच्या रविवारी तुम्ही शॉपमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवलंत.

गिऱ्हाइकांना तुम्ही हॅरी होतात. सायप्रसच्या माणसांना बांबोस. आणि चर्चमध्ये आणि पासपोर्टवर हरालाम्बोस. एका माणसाला तीन नावं कशाला, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, हॅरी मासे तळतो, बांबोस पत्ते खेळतो, आणि हरालाम्बोस फक्त देवाला आणि इन्कम टॅक्सवाल्यांना माहीत असतो.

तुमच्या घरात ते नाव एकाआड एक येत होतं, विणकामात एक टाका सुलट, एक उलट घालावा तसं. तुमचे आजोबा हरालाम्बोस, वडील साव्वास, तुम्ही हरालाम्बोस, तुमचा मुलगा साव्वास. प्रत्येक मुलाच्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव. आजोबा हयात असोत नसोत. त्यात विचारायचं काय, असा तुमचा चेहरा. तुमच्या गावात एकाच आजोबांचे पाच नातू, पाचही हरालाम्बोस. उंच बांबोस, बेकरीवाला बांबोस, शेळ्यांचा बांबोस, लग्न न झालेला बांबोस आणि तुम्ही, इंग्लंडचे बांबोस. चौकात कोणी 'बांबोस' म्हणून ओरडलं की अर्धा चौक माना वळवायचा. सांगताना तुम्ही त्या पाचही माना वळवून दाखवायचात.

मी हसायचे. पण ऋतुजाला दिवस गेले, मुलगा आहे हे कळलं, आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर ग्लास उचलून म्हणालात, 'टू हरालाम्बोस!' तेव्हा मी माझा ग्लास खाली ठेवला.

आमच्यात जिवंत वडीलधाऱ्यांचं नाव मुलाला ठेवत नाहीत, बांबोसराव. गेलेल्याचं ठेवतात. आजोबा गेले की नातू झाला, आजोबाच परत आले म्हणायचं आणि त्यांचं नाव ठेवायचं. पण जिवंत माणसाचं ठेवलं तर त्याचं आयुष्य त्या नावाबरोबर मुलाकडे जातं. एका नावाला एका घरात दोन जीव नकोत. मी टेबलावर हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की साव्वासनं तुमच्या पाठीत थापट्या मारल्या. 'आजोबांच्या अंगणात पाच हरालाम्बोस खेळत होते, आणि म्हातारा नव्वदी ओलांडून गेला! एकेकानं थोडं थोडं नेलं असतं तर?'

'तुमच्या आजोबांचं सोडा हो,' मी म्हटलं. 'माझ्या घरात झालंय.'

आणि खरंच झालं होतं. माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा पत्रिकेत 'न' अक्षर आलं. वडिलांनी हौसेनं नारायण ठेवलं. वडिलांच्या चुलत भावाचं नावही नारायण, हे बारसं झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. वर्षाच्या आत नारायणकाका गेले. त्यांना आधीपासून क्षय होता, मला आता डॉक्टर म्हणून ते चांगलं कळतं. पण माझ्या आईनं त्या दिवसानंतर मुलाला नारायण म्हणून हाक मारली नाही. मरेपर्यंत बंडू. तो पुण्यात रिटायर झालाय, सोसायटीचा चेअरमन आहे, आणि तरी बंडूच. मी जन्मभर लोकांना भूल दिली, हातातल्या सिरिंजवर विश्वास ठेवला, पण आईचा तो चेहरा माझ्या पोटात कुठेतरी बसून राहिला.

तुम्ही हसायचे थांबलात. तुमचं हे मला आवडायचं. थट्टा करायचात, पण समोरचा खरंच घाबरलाय हे कळलं की खुर्ची पुढे ओढायचात. तुम्ही म्हणालात, 'सिंबेथेरा, माझं नाव माझ्या डोळ्यांसमोर अंगणात पळताना बघायला मिळणं, यासाठीच तर माणूस म्हातारा होतो.' मी म्हटलं, 'आणि मला तुम्ही म्हातारे झालेले बघायचंय, अजून पुष्कळ.' ते भांडण तिथेच राहिलं. तुम्ही मला अळूची पानं दिलीत आणि मी घरी आले.

ती पानं! तुमच्या अलॉटमेंटवर, भाड्यानं घेतलेल्या त्या भाजीच्या तुकड्यावर, प्लॅस्टिकच्या बोगद्यात तुम्ही अळू लावायचात, खालच्या कांद्यांसाठी. पानं कंपोस्टमध्ये फेकायचात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, अहो, काय करताय! आणि तुम्ही माझ्या अळूवड्या खाल्ल्यात, मी तुमचं त्या कांद्यांचं, डुकराच्या मांसाशिवाय मुद्दाम वेगळं शिजवलेलं कोलोकासी खाल्लं. माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचात. ते कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

मग बाळ पाच आठवडे आधी आलं.

त्या सकाळी ऋतुजा सिझेरियननंतर वॉर्डात, साव्वास तिच्यापाशी, आणि खाली काचेच्या पेटीपाशी आपण दोघंच. रक्तात इन्फेक्शन पसरलं होतं. कन्सल्टंट मुलगी माझ्याशी बोलत होती, आणि मी डॉक्टर आहे हे कळल्यावर तिनं आवाज खाली आणला. मला तो आवाज माहीत आहे. मीही तो वापरलाय. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघत होतात, तिच्याकडे नाही. ती गेल्यावर तुम्ही मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन विचारलंत, 'इज ही गोइंग?' मी खोटं बोलू शकले नाही. 'माहीत नाही,' म्हटलं.

तुम्ही म्हणालात की पाद्री लंडनहून यायला दुपार होईल, तोपर्यंत थांबता येणार नाही. बाळ असं जायला लागलं तर तुमच्यात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी नसलं तर हवेत. बाळाला तीनदा हवेत उचलायचं आणि नाव घ्यायचं. बिननावाचं जाऊ द्यायचं नाही.

मी तुमची बाही धरली. भर कॉरिडॉरमध्ये, लोक बघत होते. म्हटलं, दुसरं कुठलंही नाव द्या. जॉर्ज द्या, आंद्रेआस द्या, तुमच्यात संतांना काय तोटा आहे! तुमच्या छातीत स्टेंट आहेत, अहो, तुम्ही जिना चढताना थांबता, मला दिसत नाही का? आत्ता नको हे नाव.

तुम्ही माझा हात बाहीवरून सोडवलात, हळूच, आणि तसाच धरून ठेवलात. 'तुझं म्हणणं खरं असेल,' तुम्ही म्हणालात. 'समजा वरून कोणीतरी नाव वाचत आलाय. आत एकच हरालाम्बोस असेल तर तो त्याला नेईल. दोन असतील तर? मी मोठा आहे, जाडा आहे, दारातच उभा आहे. आधी मीच दिसेन.'

आणि डोळा मारलात. असल्या वेळी!

ब्रिजिट नावाची ती आयरिश नर्स, तिनं एका शब्दानं विचारलं नाही. नळ्या, वायरी सगळं एका हातात सावरलं आणि तुमचे तळवे बाळाखाली सरकवू दिले. उचललंत ते केवढंसं, बोटभर. तीनदा. दर वेळी तुम्ही तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालात आणि दर वेळी मला त्यातला एकच शब्द कळला. मी माझ्याच पदरात तोंड खुपसल्यासारखी ब्रिजिटच्या एप्रनला धरून उभी होते. हरालाम्बोस. हरालाम्बोस. हरालाम्बोस.

बाळ वाचलं. अँटिबायोटिक्सनी वाचवलं, ब्रिजिटनं वाचवलं. मी हे मोठ्यानं म्हणत राहिले. हृदयाच्या पडद्याला भोक आहे, जरा वजन वाढलं की शिवावं लागेल असंही कळलं. पण घरी आलं. मी तुम्हाला एकच मागणं मागितलं. नाव दिलंत ते दिलंत, निदान हाक मारू नका. तुम्ही म्हणालात, चर्चमध्ये पाद्री उरलेला विधी पूर्ण करेपर्यंत आम्ही तसंही बाळाला मोरो, म्हणजे बाळच म्हणतो. तोवर तुझं ऐकतो. आणि ऐकलंत. साव्वासला, ऋतुजाला दम दिलात, 'सिंबेथेराची ऑर्डर आहे.' माझ्यासमोर तर कधी चुकला नाहीत. नुसते त्याच्यावर वाकून बसायचात आणि ओठ हलायचे. मी दिसले की मिटायचे.

ऑपरेशन झालं की चर्च, असं ठरलं होतं. तुम्ही मेन्यूसुद्धा ठरवला होतात.

आणि मग तो रविवार. साव्वास जेवायला बोलवायला अलॉटमेंटवर गेला, तर तुम्ही त्या प्लॅस्टिकच्या बोगद्यात खुर्चीवर बसलेले, मांडीवर हातमोजे. त्याचा फोन आला तेव्हा मी घरी बाळाला दूध पाजत होते. तो म्हणाला, 'डॅड्स गॉन.' मी बाळाकडे पाहिलं. पहिली गोष्ट ती केली. रडले नाही, विचारपूस केली नाही, बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि ठोके मोजत बसले.

तुमचं हार्ट गेलं, बांबोसराव. स्टेंट जुने होते, शुगर होती, आणि तुम्ही जन्मभर तळणासमोर उभे राहिलात. सर्टिफिकेट मला लिहायला सांगितलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. पण मला रोज वाटतं की तुम्ही दारात उभे राहिलात. सौदा केलात आणि मला साक्षीला ठेवलंत. याचं काय करू मी? आभार मानू? कोणत्या तोंडानं मानू? तुमचं आयुष्य पुरेपूर हवं होतं मला, त्याच्याइतकंच.

तुमच्या अंत्यविधीला तर मी तमाशा केला, ऐकलंच असेल. पाद्री गाऊ लागले. गाण्यात दर थोड्या वेळानं तुमचं नाव. देवाच्या सेवकाला, हरालाम्बोसला, विश्रांती दे. पुन्हा. पुन्हा. आणि तोच हरालाम्बोस नावाचा जीव ऋतुजाच्या कडेवर, डोळे टक्क उघडे, ऐकतोय.  मी उठले, तिच्या हातातून त्याला काढून घेतलं आणि सरळ बाहेर कार पार्कमध्ये. वाऱ्यात. त्याचे दोन्ही कान माझ्या हातांनी झाकून. तुमची कोणी मावशी बाहेर आली, काळ्या कपड्यातली, मला वाटलं आता ओरडणार. तिनं त्याच्या टोपीची नाडी बांधली आणि म्हणाली, 'लेट हिम लिव्ह.' तुमच्यात असं म्हणायची पद्धत आहे, साव्वासनं नंतर सांगितलं. मी तुम्हाला शेवटचं पाहिलं नाही ते यामुळे. रागावू नका.

मधेच थांबले होते. सर्जनबाई येऊन गेल्या.

तुम्हाला सगळं सांगते. माझी अडचण अशी की मला आत काय चाललंय ते ठाऊक असतं. बाकीचे नुसते घड्याळ बघतात. मला कळत असतं की आता गार केलं असेल, आता मशीन जोडलं, आता हृदय थांबवलं. मुद्दाम थांबवतात, बांबोसराव. अंजिराएवढं असतं ते, आणि ते गप्प पडतं. त्या वेळात तो जिवंत आहे असं कशावरून म्हणायचं, मशीनवरून? त्या वेळात मी वर आढ्याकडे बघून तुम्हाला शिव्या दिल्या. बाजूला व्हा दारातून, म्हटलं, आता कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही.

पडदा शिवला. हृदय आपणहून चालू झालं. सर्जनबाईंनी हसून सांगितलं, आणि साव्वास खाली जमिनीवरच बसला. माझा जीव मात्र काही भांड्यात पडला नाही. अजून शुद्धीवर यायचाय तो.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितेय, आयसीयूच्या बाहेर बसून.

शॅनन नावाची नर्स आहे त्याच्या बेडपाशी, वेल्सची. आज झोपेचं औषध कमी करायचं ठरलं. तिनं आम्हा तिघांना बोलावलं. म्हणाली, आता मी याच्याशी बोलत राहणार आहे, ओळखीची हाक ऐकली की मुलं शांतपणे जागी होतात. 'मनगटावरच्या पट्टीवर मोठ्ठं नाव आहे, पण घरी तुम्ही त्याला काय म्हणता?'

साव्वास म्हणाला, 'बेबी.' ऋतुजा म्हणाली, 'बाळ.'

शॅनन हसली. 'इथे सगळीच बेबी आहेत, डार्लिंग. याचं नाव काय?'

साव्वासनं तोंड उघडलं. त्याच्या बापाचं नाव. तीन आठवड्यांत त्यानं ते उच्चारलेलं मी ऐकलं नाही. त्यानं तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळला. ऋतुजा माझ्याकडे बघायला लागली. 'आई,' ती म्हणाली, 'मला भीती वाटतो. तू सांग ना.' माझ्या पोरीचं मराठी असंच आहे, भीतीचं लिंगही तिला सांभाळता येत नाही, आणि ती माझी परवानगी मागत होती.

 मला वाटलं, मी नाव घेतलं आणि नेणारा अजून इथेच कुठे घुटमळत असला तर? त्याला नाव पुरतं. त्याला लहान-मोठा काय कळणार? पण समोर तो नळ्यांत पडलेला, आणि त्याला माघारी बोलवायला आमच्यापाशी दुसरी हाक नव्हती. चार महिने मी ती बंद करून ठेवली होती.

मी वाकले. बारशाला आत्या वाकते ना, तशी त्याच्या कानाशी. याला आत्या नाही. कुर्रर्र करायचं सुचलं नाही मला. म्हटलं, 'हरालाम्बोस.' आवाज फुटला नाही. पुन्हा म्हटलं. 'हरालाम्बोस, अरे ऊठ. ऊठ रे राजा.'

अरे म्हटलं, बांबोसराव. तुमच्या नावाला.

मॉनिटरवर ठोका वाढला. झर्रकन. मी आयुष्यभर तो आकडा वाढलेला बघून काय झालं असेल याचा अंदाज घेत आलेय, आणि त्या क्षणी मला काहीएक सुचेना. शॅनन म्हणाली, 'ऐकलं त्यानं.' मग म्हणाली, डोळे उघडायला वेळ लागेल, दुपारपर्यंत सारखी हाक मारत राहा.

तेव्हा आता पुन्हा आत जातेय. घाबरलेलीच आहे. मोठ्यानं मारणार आहे हाक, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी, तुम्हालाही ऐकू येईल. तुमची सवय मला माहीत आहे, नाव ऐकलं की मान वळवायची. हात जोडते, बांबोसराव, आज तुम्ही ओ देऊ नका. त्याला देऊ दे.